भूल देणारा डॉक्टर शस्त्रक्रिया संपेपर्यंत काय करतो?

घरातल्या कोणाची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक सर्जनची कसून चौकशी करतात. त्यांचा अनुभव किती, हातगुण कसा, आपल्या तालुक्यातले कोण त्यांच्याकडे जाऊन बरे होऊन आले, हे सगळे विचारून घेतात. ते योग्यच आहे. पण 'भूल कोण देणार?' असे विचारणारा नातेवाईक मला क्वचितच भेटतो. भूल म्हणजे एक इंजेक्शन, ते दिले की त्या डॉक्टरांचे काम संपले, मग ते बाहेर जाऊन चहा घेत असतील, असा बहुतेकांचा समज असतो.

मी स्वतः हृदयशस्त्रक्रियांच्या वेळी भूल देण्याचे काम करतो. या शस्त्रक्रिया साधारण चार ते सहा तास चालतात आणि तेवढा सगळा वेळ भूलतज्ज्ञ रोग्याच्या उशाशी असतो. तो तिथे नेमके काय करतो आणि त्याला रोग्याकडून व घरच्यांकडून कोणती माहिती हवी असते, ते आजच्या लेखात पाहू.

भूल म्हणजे झोप नव्हे

झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड करवतीने उघडावे लागते. तेवढ्याने जाग येऊ नये अशी अवस्था साध्या झोपेची असूच शकत नाही. ती औषधांनी आणलेली आणि औषधे चालू असेपर्यंतच टिकणारी बेशुद्धी असते.

या अवस्थेत चार गोष्टी साधायच्या असतात. पहिली म्हणजे शुद्ध हरपणे. दुसरी, वेदना मेंदूपर्यंत पोहोचू न देणे. तिसरी, स्नायू सैल करणे, म्हणजे सर्जनला स्थिर हाताने काम करता येते. चौथी, शरीराची प्रतिक्रिया आवरणे. माणूस बेशुद्ध असला तरी चीर देताच रक्तदाब उसळू शकतो, नाडी धावू लागते. या चार गोष्टींसाठी वेगवेगळी औषधे वापरतात. काही शिरेतून देतात, काही श्वासावाटे. 'भुलीचे एक इंजेक्शन' अशी वस्तू या शस्त्रक्रियेत नसते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. तो दिवस आजही जागतिक भूल दिन म्हणून पाळतात. त्या काळी भूल देणारा रोग्याच्या नाडीवर बोट ठेवी आणि डोळ्यांच्या बाहुल्यांकडे, श्वासाकडे व चेहऱ्याच्या रंगाकडे लक्ष देई. आज बोटाच्या आणि डोळ्यांच्या मदतीला यंत्रे आली आहेत, पण काम तेच आहे.

या कामाची गरज का पडते, हे समजणे सोपे आहे. जागा माणूस 'छातीत दुखतंय', 'गुदमरतंय', 'थंडी वाजतेय' असे सांगू शकतो. भूल दिलेला माणूस काहीच सांगू शकत नाही. त्याला कण्हता येत नाही, कूस बदलता येत नाही, स्वतःचा श्वासही घेता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी क्षणोक्षणी विचारायचे आणि उत्तर वाचायचे असते.

हृदयरोग्याची भूल वेगळी का?

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत रोग्याचे हृदय बहुधा धडधाकट असते. भुलीच्या औषधाने रक्तदाब थोडा उतरला तर ते सावरून घेते. हृदयरोग्यात मात्र ज्याने सावरायचे तेच आजारी असते.

हृदयाच्या डाव्या, मोठ्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. ठोके फार जलद झाले की हा विसावा आखडतो आणि स्नायूची उपासमार होते. रक्तदाब फार उतरला तर अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे जात नाही. फार चढला तर हृदयावर ओझे वाढते. म्हणून बायपासच्या रोग्याला भूल देताना सगळेच मधल्या वाटेने न्यावे लागते. दमलेल्या बैलाला भरल्या गाडीसह घाट चढवायचा असेल तर जाणता गाडीवान चाबूक उगारत नाही आणि गाडी मागेही घसरू देत नाही, तसाच हा प्रकार आहे.

झडपांच्या आजारात तर हिशेब आणखी बदलतो. आपल्याकडे लहानपणी सांधे धरून आलेल्या तापामुळे हृदयाची झडप आकसलेले अनेक रोगी आढळतात. आकसलेल्या झडपेतून रक्त पुढे जायला वेळ लागतो, म्हणून या रोग्याचे ठोके संथ ठेवावे लागतात. झडप गळकी असेल तर उलट ठोके थोडे जलद असलेले बरे, कारण रक्त मागे फिरायला कमी वेळ मिळतो. एकच औषध, एकच मात्रा, पण एका रोग्याला जे मानवते ते दुसऱ्याला घातक ठरू शकते. म्हणूनच भूल देणाऱ्याला तुमच्या आजाराची पूर्ण कुंडली हवी असते.

पडद्यावरच्या रेषा काय सांगतात?

शस्त्रक्रियागृहात रोग्याच्या उशाशी एक पडदा असतो आणि त्यावर रंगीत रेषा धावत असतात. त्यांची ओळख करून घेऊ.

पहिली रेषा ईसीजीची. हृदयातील विजेचा प्रवाह ती दाखवते. ठोक्यांचा वेग, त्यातील अनियमितपणा आणि स्नायूला रक्त कमी पडू लागल्याची खूण तिच्यात दिसते. हॉलंडचे डॉ. विलेम आइन्थोवेन यांनी हे तंत्र विकसित केले आणि त्यासाठी त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी रेषा बोटाला लावलेल्या चिमट्याची. कोरोनाच्या साथीत हा चिमटा घरोघरी पोहोचला, त्यामुळे त्याचे नाव ऑक्सिमीटर हे आता सर्वांना ठाऊक आहे. तो बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो आणि किती प्रकाश शोषला गेला त्यावरून रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. यामागचे तत्त्व १९७४ साली जपानमधील अभियंता ताकुओ आओयागी यांनी मांडले. नखांना गडद रंग किंवा बोटाला काळीभोर मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिका नखांचा रंग काढायला सांगते ते याचसाठी.

तिसरी रेषा रक्तदाबाची. दंडाला पट्टा बांधून दोन-तीन मिनिटांनी एकदा रक्तदाब मोजणे या शस्त्रक्रियेत पुरत नाही, कारण तेवढ्या वेळात बरेच काही घडून जाते. म्हणून मनगटाजवळच्या रोहिणीत, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीत, एक बारीक नळी ठेवतात. तिच्यामुळे प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पडद्यावर उमटतो. तपासणीसाठी रक्तही तिच्यातूनच घेता येते, पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

चौथी नळी मानेतल्या मोठ्या नीलेत असते. हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब तिच्यावरून कळतो आणि जोरदार औषधे तिच्यातून थेट हृदयाजवळ पोहोचवता येतात. शस्त्रक्रियेनंतर मानेला पट्टी दिसली की घरचे घाबरतात. ती याच नळीची असते. बहुतेक वेळा ती भूल दिल्यावर घालतात, त्यामुळे रोग्याला तिचा त्रास आठवत नाही.

याशिवाय श्वासनलिकेत घातलेल्या नळीवाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. नळी योग्य जागी आहे की नाही आणि फुप्फुसांपर्यंत रक्त नीट पोहोचते आहे की नाही, या दोन्हींचा पत्ता त्यावरून लागतो. शरीराचे तापमान मोजतात. लघवीची नळी घालून दर तासाला लघवी किती झाली ते पाहतात. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान तीस मिलिलिटर लघवी व्हावी अशी अपेक्षा असते. ती कमी झाली तर मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नसावे, अशी शंका घ्यावी लागते. काही ठिकाणी कपाळाला पट्ट्या लावून मेंदूच्या लहरीही पाहतात. त्यावरून भूल किती खोल आहे याचा अंदाज येतो.

आणखी एक साधन आहे, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांत आमच्या कामात त्याने सर्वांत मोठा फरक पाडला. बोटाएवढ्या जाडीची एक लवचीक नळी तोंडावाटे अन्ननलिकेत सरकवतात. तिच्या टोकाला सोनोग्राफीचा डोळा असतो. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते, त्यामुळे हृदयाचे कप्पे आणि झडपा लख्ख दिसतात. दुरुस्त केलेली झडप गळते आहे का, हृदयाचा कोणता भाग नीट हलत नाही, हे छाती बंद करण्यापूर्वीच कळते आणि सर्जनला तिथल्या तिथे दुरुस्ती करता येते.

हृदय थांबलेले असताना

झडप बदलायची असेल तर हृदय उघडावे लागते आणि त्यासाठी ते काही काळ थांबवावे लागते. तेवढ्या वेळात शरीराला रक्त पुरवते ते हृदय-फुप्फुस यंत्र. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र असे यंत्र वापरून बंद केले. हृदय आणि फुप्फुसे यांचे सगळे काम त्या दिवशी २६ मिनिटे यंत्राने केले. या पद्धतीची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया होती.

यंत्र चालवणारा तंत्रज्ञ वेगळा असतो, त्याला परफ्युजनिस्ट म्हणतात. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परफ्युजनिस्ट या तिघांत सतत बोलणे चालू असते. एकाने सांगितलेले दुसरा मोठ्याने परत म्हणून दाखवतो, म्हणजे ऐकण्यात गफलत होत नाही.

रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरू लागले की ते गोठण्याचा धोका असतो. म्हणून यंत्र जोडण्यापूर्वी हेपॅरिन हे औषध देतात. नुसते देऊन भागत नाही. रक्ताचा थेंब एका लहान यंत्रात घालून ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजतात. एरवी या चाचणीत सुमारे दोन मिनिटे लागतात. हृदय-फुप्फुस यंत्र सुरू करण्यापूर्वी हा वेळ ४०० ते ४८० सेकंदांच्या वर जावा लागतो. तो आकडा मिळाल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि नंतरही ठराविक अंतराने ही चाचणी करत राहतात.

मग शरीर थोडे थंड करतात. तापमान एका अंशाने उतरले की शरीराची प्राणवायूची गरज सुमारे सहा-सात टक्क्यांनी घटते. पोटॅशियम असलेले थंड द्रावण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडले की हृदय शांतपणे थांबते. ईसीजीची रेषा सरळ होते. चित्रपटात ही सरळ रेषा दिसली की सारे रडू लागतात. आमच्याकडे या टप्प्याला तीच रेषा हवी असते.

आता नाडी नाही, त्यामुळे बोटाच्या चिमट्याला वाचायला काही उरत नाही. दंडाचा पट्टाही निकामी ठरतो. फुप्फुसे विसावलेली असतात. अशा वेळी मनगटातली ती बारीक नळीच रक्तदाब सांगते. त्याबरोबर रक्तातील प्राणवायू, आम्लता, पोटॅशियम, साखर आणि हिमोग्लोबिन वरचेवर तपासतात. भुलीचे औषध या काळातही चालूच ठेवतात. रोग्याला शस्त्रक्रियेच्या मध्येच शुद्ध येण्याचे प्रकार पूर्वी इतर शस्त्रक्रियांपेक्षा हृदयशस्त्रक्रियेत अधिक होत, कारण नाजूक हृदयाला जपण्यासाठी भूल हलकी ठेवत. आजची औषधे आणि साधने यांमुळे हे प्रमाण खूप घटले आहे.

सर्जनचे काम आटोपले की शरीर हळूहळू गरम करतात. घाई केली तर मेंदूला अपाय होऊ शकतो, म्हणून तापमानावर कडक नजर असते. हृदयात अडकलेली हवा काढून टाकतात आणि ती पूर्ण गेली का हे अन्ननलिकेतल्या सोनोग्राफीवर पाहतात. हृदय पुष्कळदा आपोआप धडधडू लागते. कधी विजेचा हलका झटका द्यावा लागतो, कधी तात्पुरत्या तारा लावून ठोके चालवावे लागतात. यंत्राचा भार कमी करत करत हृदयावर काम सोपवण्याचा हा टप्पा सर्वांत कसोटीचा असतो. शेवटी हेपॅरिनचा परिणाम घालवण्यासाठी प्रोटामिन देतात. ते सावकाश द्यावे लागते, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो.

बायपासच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत हृदय थांबवतातच असे नाही. आपल्या देशात अनेक ठिकाणी धडधडत्या हृदयावरच बायपास करतात. मागच्या बाजूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचण्यासाठी सर्जन हृदय उचलून धरतो तेव्हा रक्तदाब एकदम उतरतो. त्या वेळी टेबल तिरके करणे, सलाईन वाढवणे, औषध देणे किंवा सर्जनला 'क्षणभर थांबा' म्हणणे हे भूलतज्ज्ञाचे काम. तो 'थांबा' म्हणाला की सर्जनही थांबतो.

बोलायची वेळ भुलीपूर्वीची

रोगी बेशुद्ध झाल्यावर त्याच्या वतीने यंत्रे बोलतात हे आपण पाहिले. पण यंत्रांना फक्त चालू क्षणाची खबर असते. रोगी कोणत्या गोळ्या खातो, त्याला कशाची ॲलर्जी आहे, तो तंबाखू खातो का, हे कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. ते सांगायची वेळ आदल्या दिवशीची, भूलतज्ज्ञ तपासायला येतो तेव्हाची. नेमकी याच वेळी आपली मंडळी हातचे राखून बोलतात. कधी संकोचाने, कधी 'उगाच शस्त्रक्रिया पुढे ढकलतील' या भीतीने, तर कधी 'यात काय सांगायचे' असे वाटून.

एका आजींना मी विचारले, "आजी, तंबाखू खाता का?" त्या म्हणाल्या, "छे रे बाबा, तसलं काही नाही." सुनेने हळूच सांगितले, "मिश्री लावतात, दिवसातून तीन-चार वेळा." आजींचे म्हणणे असे की मिश्री म्हणजे काही तंबाखू नव्हे, दात घासायची वस्तू. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखूच असते आणि तिच्यातील निकोटिन नाडी व रक्तदाब वाढवते. आजी खोटे बोलत नव्हत्या. तेव्हापासून मी मिश्री, गुटखा, मावा, तपकीर अशी नावे घेऊनच विचारतो.

दुसरे एक दुकानदार गृहस्थ. 'गोळ्या सगळ्या बंद आहेत' असे त्यांनी सांगितले. पत्नीने पिशवीतून पाकिटे काढली, तेव्हा रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी त्या दिवशी सकाळपर्यंत चालू असल्याचे कळले. "ती तर छोटी गोळी, म्हणून मोजली नाही," असे त्यांचे स्पष्टीकरण. ही गोळी साधारण पाच दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर रक्तस्राव आवरत नाही. त्यांची प्रकृती थांबण्याजोगी होती, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मुलगा नाराज झाला, पण पुढे सगळे सुखरूप पार पडले.

भूलतज्ज्ञाला पुढील गोष्टी न विचारता सांगाव्यात.

१. चालू असलेले प्रत्येक औषध. त्यात आयुर्वेदिक काढे, भस्मे, वैदूकडच्या पुड्या आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही आल्या. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ॲस्पिरिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या बहुधा चालूच ठेवतात.

२. मधुमेहाच्या औषधांची नावे. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' येते त्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. इन्सुलिन घेत असाल तर कोणते, हेही सांगावे. काही प्रकारच्या इन्सुलिनमध्ये प्रोटामिन असते. ते वर्षानुवर्षे घेतलेल्या रोग्याला शस्त्रक्रियेच्या शेवटी प्रोटामिन देताना ॲलर्जीचा धोका अधिक असतो.

३. तंबाखू, विडी, सिगारेट, दारू. विडी बंद केल्यावर एका दिवसात रक्तातील विषारी वायू बराच कमी होतो, पण छातीतला कफ कमी व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याची वाट न पाहता आधीच बंद करावी. रोज दारू घेणाऱ्याची दारू एकदम तुटली तर शस्त्रक्रियेनंतर बडबड, थरथर, भ्रम सुरू होतो. आधी माहीत असेल तर त्यावर उपाय करता येतो.

४. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भुलीचा काही त्रास झाला असल्यास तो. रक्ताच्या नात्यात कोणाला झाला असल्यास तोही.

५. घास गिळताना अडकतो का, रक्ताची उलटी झाली होती का, अन्ननलिकेचा काही आजार आहे का. अन्ननलिकेत सोनोग्राफीची नळी घालायची असल्याने हे कळणे फार गरजेचे असते.

६. हलणारे दात, कवळी, दमा, फिट, मोठ्याने घोरणे, कोणत्याही औषधाची ॲलर्जी.

उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळावी. जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास असा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्या रुग्णालयाने दिलेली वेळ अंतिम समजावी. 'म्हातारं माणूस उपाशी कसं राहील' म्हणून कोणी गुपचूप चहा-बिस्किटे देऊ नयेत. भूल देताना पोटातले अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

'भूल जास्त झाली तर माणूस उठत नाही म्हणतात, खरे का?' भुलीचे औषध एकदम ओतून मोकळे होत नाहीत. वजन, वय, हृदयाची ताकद पाहून ते थोडे थोडे देतात आणि परिणाम पाहत मात्रा कमी-अधिक करतात. औषध थांबवले की परिणाम उतरतो. हृदयशस्त्रक्रियेत धोका नसतो असे मी म्हणणार नाही. तो असतो. मात्र तो बहुतांशी हृदय किती कमकुवत आहे, वय किती, मूत्रपिंडे व फुप्फुसे कशी आहेत आणि शस्त्रक्रिया तातडीची आहे का, यांवर ठरतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी 'आमच्या रोग्याला विशेष धोका कशाचा?' असे सरळ विचारावे.

'शस्त्रक्रिया होऊन तीन तास झाले, अजून शुद्धीवर का आले नाहीत?' शस्त्रक्रियेनंतर रोग्याला बहुधा मुद्दाम काही तास झोपवून ठेवतात. शरीर गरम व्हावे, रक्तस्राव थांबल्याची खात्री व्हावी, रक्तदाब स्थिरावावा, मग श्वासाची नळी काढतात. नळी असेपर्यंत त्याला बोलता येत नाही. तो मान हलवून किंवा हात दाबून उत्तर देतो. नळी ओढली जाऊ नये म्हणून हात सैल बांधलेले असू शकतात. हे आधी माहीत असले म्हणजे काचेतून पाहताना घरच्यांचा धीर सुटत नाही.

'वडील भलतेच बोलताहेत, डोक्यावर परिणाम झाला का?' वयस्कर रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवस गोंधळल्यासारखे होणे बऱ्याचदा आढळते. बहुतेकांचा गोंधळ निवळतो. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र लवकर परत द्यावे, वार आणि वेळ सांगत राहावे, घरच्या ओळखीच्या आवाजात बोलावे. बोलताना जीभ जड वाटली, तोंड वाकडे दिसले किंवा एक हात उचलेना झाला, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना सांगावे.

शस्त्रक्रियेला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे, जुने कागद आणि मागच्या शस्त्रक्रियेचे कार्ड एका पिशवीत घालून सोबत न्यावे. भूलतज्ज्ञ तपासायला येईल तेव्हा घरातले एक जाणते माणूस रोग्याजवळ असावे, आणि शक्य तर ते माणूस रोजच्या गोळ्या देणारेच असावे. त्या भेटीत ही पिशवी न मागताच त्यांच्यापुढे ठेवावी.

पुढील आठवड्यात शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर घ्यायच्या काळजीविषयी पाहू.